हरवलेल्या मेंढराचे चित्र : खडूचित्रातून सुवार्ता सांगण्याचा माझा पहिला अनुभव

मे २०२४ मध्ये आमच्या नंदुरबारच्या ख्रिस्ती मंडळीत सुट्टीतील मुलांसाठी आठ दिवसांची पवित्र शास्त्राची शाळा भरली होती. मी तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका असल्यामुळे फळ्यावर चित्रे काढण्याचे काम दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे आले. तिसऱ्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या मेंढराची, म्हणजे शंभरांतले एक हरवलेले मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळाची, गोष्ट सांगताना मी सहज, बोलणे न थांबवता, फळ्यावर डोंगर, ओहोळ आणि बाभळीत अडकलेले मेंढरू काढत गेले. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांना ढकलणारी चाळीस मुले माझ्या हाताकडे पाहत गप्प बसली. वर्गात इतकी वर्षे शिकवूनही अशी शांतता मी क्वचितच अनुभवली होती. त्या दिवशी नवापूर तालुक्यातील एका लहान गावातल्या मंडळीचे पाळकसाहेब पाहुणे म्हणून आले होते. शाळा सुटल्यावर त्यांनी विचारले, "बाई, हे आमच्या गावात, उघड्यावर, मोठ्या माणसांसमोर कराल का?" मी फारसा विचार न करता हो म्हटले. त्या होकारापासून प्रत्यक्ष कार्यक्रमापर्यंत सात महिने लागले. त्या काळात मला जे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, ते सगळे येथे लिहीत आहे.

पहिले काही आठवडे मी केवळ वाचण्यात आणि चलचित्रे पाहण्यात घालवले. श्रोत्यांसमोर खडूने चित्र काढत बोलण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फ्रँक बिअर्ड नावाच्या व्यंगचित्रकाराने लोकप्रिय केली आणि तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षकांनी ती उचलली. पुढे चित्रफलकावर रंगीत दिवे आले, दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय आली, आणि नेहमीच्या उजेडात न दिसणारे पण विशिष्ट दिव्याखाली उजळणारे गुप्त चित्रही आले. याच शोधात मला ऑस्ट्रेलियातील आर्थर स्टेस भेटले. जेमतेम लिहिता येणाऱ्या या माणसाने १९३२ मध्ये एक प्रवचन ऐकले आणि त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे सिडनीच्या पदपथांवर पिवळ्या खडूने 'अनंतकाळ' या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द सुंदर वळणात लिहिला. पाऊस आला की शब्द धुऊन जाई आणि ते पुन्हा लिहीत. पहाटे उठून सडा घालणाऱ्या आणि दुपारपर्यंत पावलांखाली जाणारी रांगोळी रोज नव्याने काढणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. योहानाच्या आठव्या अध्यायात प्रभू येशू ओणवून बोटाने जमिनीवर लिहितो, ते काय लिहिले हे शास्त्र सांगत नाही आणि ती अक्षरेही उरली नाहीत. हे वाचल्यापासून पुसल्या जाणाऱ्या चित्राविषयीचा माझा संकोच गेला.

परदेशी चलचित्रांत दिसणाऱ्या गोष्टी जशाच्या तशा करायच्या नाहीत, हे मात्र मी लवकर ठरवले. त्यांत बर्फाच्छादित शिखरे, लाकडी चर्च आणि पाइनची झाडे होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले, कारण माणूस आपल्या भाषेत आणि आपल्या चालीवर देवाकडे जातो हे त्यांना ठाऊक होते. चित्रालाही तोच नियम लागू असावा असे मला वाटते. म्हणून माझ्या चित्रातला डोंगर सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या उतारांसारखा, झाडे पळस, साग आणि बाभळीची, आणि मेंढपाळ आपल्याकडच्या ठेलारी मेंढपाळासारखा, डोक्याला फेटा आणि खांद्यावर घोंगडी घेतलेला असावा असे ठरले.

जून आणि जुलै साहित्य जमवण्यात गेले. शाळेत वापरतात तो खडू जिप्समचा असतो. त्याचा रंग फिका आणि धूळ फार, त्यामुळे लांबून त्याची रेघ नीट दिसत नाही. या कामासाठी परदेशात बोटभर लांब आणि इंचभर जाड चौकोनी खडू मिळतात, पण ते मागवण्याचा खर्च मला परवडणारा नव्हता. मी मुलांना चित्रकलेत देत असे त्या सॉफ्ट पेस्टलची ४८ रंगांची पेटी घेतली आणि ज्या रंगांचा खर्च जास्त, म्हणजे निळा, पांढरा, पिवळा आणि मातकट तपकिरी, ते घरीच तयार केले. दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, एक भाग पाणी, थोडे शंखजिरे आणि रांगोळीचा रंग असे मिश्रण वायरिंगच्या पाइपचे उभे दोन तुकडे करून, आतून तेलाचा हात फिरवून, त्यात ओतायचे. शंखजिरे घातले नाही तर खडू कडक होतो आणि कागद ओरखडतो. पहिल्या घाण्यातले सगळे खडू मी टाकून दिले. जुलैच्या दमट हवेत ते वाळायला आठवडा लागला, म्हणून हे काम शक्यतो उन्हाळ्यातच करून ठेवावे.

चित्रफलक एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी लोखंडी पाइपचा करून घेतला. चार फूट बाय तीन फुटांचा प्लायवुड, मागे घडी होणारे पाय आणि वरच्या बाजूला दिवे लावण्यासाठी पुढे आलेली पत्र्याची पन्हाळ, असे सगळे मिळून ३,४०० रुपये झाले. प्लायवुडवर थेट कागद लावला तर लाकडाच्या रेषा चित्रात उमटतात. त्यामुळे कागदाखाली वर्तमानपत्राचे आठ-दहा थर द्यावे लागतात, मग खडूचा आडवा हात मऊपणे फिरतो. दिव्यांसाठी पिवळा, लाल आणि निळा असे तीन एलईडी फ्लड दिवे आणि त्यांची स्वतंत्र बटणे एका वायरमनकडून बसवून घेतली. रंगीत प्रकाशाचा नियम शिकवताना मी वर्गात अनेकदा सांगितला होता, पण त्याचा खरा अर्थ आता कळला. लाल प्रकाशात लाल रेघ फिकट कागदात विरून जाते आणि निळी रेघ जवळजवळ काळी दिसते. चित्रात एकही नवी रेघ न ओढता सकाळची संध्याकाळ करता येते ती यामुळेच.

माझी सर्वांत मोठी चूक गुप्त चित्राच्या बाबतीत झाली आणि ती समजायला जवळजवळ महिना गेला. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या शेवटी जी पावडर पाण्यात टाकतात, तिच्यात असा पदार्थ असतो की तो डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. ती पावडर खडूच्या मिश्रणातील पाण्यात विरघळवली तर नेहमीच्या उजेडात साधा पांढरा वाटणारा खडू यूव्ही (अतिनील) दिव्याखाली निळा चमकतो. हे मला जमले. मात्र मी चित्र काढले ते पांढऱ्या कार्डशीटवर. दिवे घालवून यूव्ही दिवा लावला, तेव्हा सगळा कागदच चमकू लागला आणि गुप्त चित्र त्यात बुडाले. कागद पांढरा दिसावा म्हणून कारखान्यात त्यातही तसाच पदार्थ घालतात, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी खडूत पावडर वाढवत राहिले, दिवा जवळ आणत राहिले आणि निराश होत राहिले. शेवटी एके रात्री जवळ पडलेल्या पार्सलच्या खाकी कागदावर तोच खडू ओढून पाहिला. खाकी कागद काळोखात तसाच राहिला आणि रेघ तेवढी पेटल्यासारखी दिसली. त्या क्षणी मी एकटीच खोलीत मोठ्याने देवाचे आभार मानले. त्यानंतर मी चार फुटी खाकी कागदाचा रोल ६५० रुपयांना आणला आणि अजून तोच वापरते.

दिव्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. स्वस्तात मिळणारे बहुतेक यूव्ही एलईडी दिवे ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. त्यांच्यातून जांभळा उजेड दिसतो आणि संपूर्ण कागदावर जांभळट पडदा पसरतो. ३६५ नॅनोमीटरचा दिवा महाग पडतो, मला तो २,१०० रुपयांना मिळाला, पण काळोख काळोखच राहतो आणि चित्र स्वच्छ दिसते. हा दिवा कागदाकडे तोंड करून वरून खाली लावावा, लोकांच्या डोळ्यांवर त्याचा झोत पडू देऊ नये आणि स्वतःही त्याच्याकडे पाहू नये.

सप्टेंबरभर रोज संध्याकाळी एक चित्र, असा सराव केला. आधी आकाश, मग दूरचा डोंगर, मग जवळची जमीन, शेवटी झाड आणि माणूस, असा मागून पुढे येणारा क्रम ठेवला तर हाताने जुने चित्र पुसले जात नाही. गुप्त चित्र आधीच काढलेले असते, त्यामुळे त्या जागेवर खडू हलका फिरवावा लागतो, नाहीतर तो खालचे चित्र झाकून टाकतो. सर्वांत अवघड होते ते बोलणे. फलकाकडे तोंड केले की आवाज भिंतीला जातो आणि लोकांकडे तोंड केले की रेघ चुकते. अखेर मी काढताना गप्प राहायचे, हात थांबला की दोन-चार वाक्ये बोलायची आणि पुन्हा काढायचे, असे ठरवले. अंगणात सराव करताना शेजारची सहा-सात वर्षांची मुलगी कुंपणावर हनुवटी टेकवून उभी राहत असे. एकदा तिने विचारले, "बाई, हाई काय काढी राहिनी?" मी उत्तर दिले नाही, काढत राहिले. मेंढराचे कान उमटताच तिनेच ओरडून सांगितले. लोकांना चित्र आधी ओळखू द्यावे आणि शब्द नंतर द्यावेत, हे मी तिच्याकडून शिकले.

परवानगीचा भाग मी सोपा समजले होते. पाळकसाहेबांशी बोलून ९ नोव्हेंबर ही तारीख ठरवली, कारण दिवाळी संपलेली असेल आणि थंडी फार नसेल. कार्यक्रम मंडळीच्या आवारात न घेता ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेवर घ्यायचा होता, म्हणून आधी ग्रामपंचायतीची ना हरकत आणि मग ती जोडून पोलीस ठाण्याची परवानगी घ्यायची, असा क्रम होता. ध्वनिक्षेपकासाठी वेगळा उल्लेख आवश्यक असतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावू देत नाहीत, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. मी १४ ऑक्टोबरला, सोमवारी, अर्ज दिला. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागू झाली. मतदान २० नोव्हेंबरला आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला होती. पोलीस ठाण्यातील कर्मचाऱ्यांनी शांतपणे समजावून सांगितले की या काळात बंदोबस्त आणि परवानग्यांचा ताण फार असतो आणि निवडणुकीनंतर यावे हे बरे. खोटे कशाला सांगू, मला रडू आले. चार महिन्यांची तयारी एका तारखेवर टांगलेली होती आणि ती तारीख माझ्या हातात नव्हती.

ही वाट पाहणे मात्र पुढे उपयोगी ठरले. ९ नोव्हेंबरला शुक्ल पक्षातील अर्धा चंद्र संध्याकाळीच आकाशात असणार होता, हे मी तारीख ठरवताना पाहिलेच नव्हते. चांदण्यात गुप्त चित्र फिके पडते. नवी तारीख ठरवताना मी दिनदर्शिका पुढ्यात घेतली आणि कृष्ण पक्षातला २१ डिसेंबरचा शनिवार निवडला. त्या रात्री चंद्र उशिरा उगवणार होता. नवापूर भागातली बरीच कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि त्यातली काही नाताळाच्या सुमारास गावी येतात, त्यामुळे पाळकसाहेबांनाही ही तारीख आवडली.

मतमोजणी आटोपल्यावर, २८ नोव्हेंबरला, मी नव्याने अर्ज केला. या वेळी अर्जात काय लिहायचे याचा नीट विचार केला होता. मंडळीच्या तरुण संघातील एका मुलाने सुचवले होते की 'सांस्कृतिक कार्यक्रम' असे मोघम लिहिले तर काम लवकर होईल. मला ते पटले नाही. संविधानाचे पंचविसावे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून आपला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. जो हक्क उघडपणे दिलेला आहे तो लपूनछपून वापरण्यात आपलीच श्रद्धा उणी ठरते. म्हणून मी स्पष्ट लिहिले : नाताळनिमित्त ख्रिस्ती भक्तिगीते आणि बायबलमधील दृष्टान्तावर आधारित खडूचित्र, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, अंदाजे दीडशे माणसे, एक ध्वनिक्षेपक, कोणतीही वर्गणी नाही आणि कोणतेही वाटप नाही. सोबत ग्रामपंचायतीची ना हरकत, दोन आयोजकांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा जोडला. नकाशा कोणी मागितला नव्हता, पण व्यासपीठ, रस्ता आणि वाहनांची जागा दाखवल्यामुळे दोन प्रश्न आपोआप मिटले. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी संबंधित अधिकारी बाहेर होते, दुसऱ्या वेळी ना हरकतीवर जावक क्रमांक नव्हता म्हणून परत जावे लागले. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती आणि पोहोच असलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. १३ डिसेंबरला लेखी परवानगी हाती आली. वेळ पाळणे, आवाजाची मर्यादा सांभाळणे आणि कोणत्याही धर्माविषयी अनुचित न बोलणे, अशा अटी तीत होत्या. शेवटची अट कागदावर नसती तरी आम्ही ती पाळलीच असती.

मधल्या काळात आणखी एक वाद झाला आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातला तोच महत्त्वाचा भाग आहे. गुप्त चित्र म्हणून मी खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ काढणार होते आणि त्याच्या मागे क्रूसाची पुसट आकृती. तरुण संघातील मुलांचे म्हणणे होते की चित्र अचानक उजळेल तेव्हा काही सांगू नये, लोकांना जे वाटायचे ते वाटू द्यावे. ती मुले मनापासून बोलत होती, त्यांना प्रभूचा गौरव व्हावा असेच वाटत होते. परंतु ज्या गावात रात्री काळोख दाट असतो आणि ज्यांनी असा दिवा कधी पाहिलेला नाही, तिथे कागदावर आपोआप उमटलेला ख्रिस्त चमत्कार म्हणून घरोघरी जाईल, आणि तो चमत्कार कपडे धुण्याच्या पावडरीचा असेल, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. शुभवर्तमानाला अशा आधाराची गरज नाही. मी म्हटले, दिव्याचे गुपित त्याच रात्री, त्याच जागी, मुलांच्या हातात देऊन सांगायचे असेल तरच मी चित्र काढीन. पाळकसाहेब थोडा वेळ विचारात पडले आणि मग त्यांनी माझी बाजू घेतली.

डिसेंबरच्या सुरुवातीला ढगाळ हवा झाली आणि भिंतीशी उभा केलेला कागद दमट होऊन सैल पडला. तेव्हापासून कागद प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळून ठेवते आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच फलकावर ताणून बसवते. २१ तारखेला खांडबारा आणि चिंचपाड्याकडून रेल्वेने जाणे माझ्या ओळखीचे होते, पण चार फुटांचा फलक गाडीत चढवणे शक्य नव्हते, म्हणून १,८०० रुपये देऊन छोटा हत्ती केला. विजेसाठी कोणाच्या घरातून वायर ओढण्याऐवजी इन्व्हर्टर आणि बॅटरी सोबत नेली. सगळे एलईडी दिवे मिळून दोनशे वॉटही होत नाहीत, त्यामुळे ती सहज पुरली. आतापर्यंतचा एकूण खर्च ११,२०० रुपयांच्या आसपास होता. त्यातले ४,००० मंडळीने दिले, बाकी माझ्या निवृत्तिवेतनातून गेले.

साडेसहाला गाणी सुरू झाली तेव्हा पन्नास माणसे होती, सातपर्यंत सव्वाशेच्या वर झाली असावीत. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे उभे, काही जण रस्त्यापलीकडून मोटारसायकलवर बसूनच पाहत होते. थंडी चांगलीच होती आणि माझी बोटे थंडीने कमी, भीतीने जास्त आखडली होती. मी आकाशाचा निळा रंग फिरवायला घेतला आणि पहिलाच खडू मोडून पडला. खाली वाकून तो उचलला आणि त्याच तुकड्याने पुढे काढू लागले. त्यानंतर भीती गेली. माझी मराठी वाक्ये पाळकसाहेब मावचीत, म्हणजे तिथल्या भिल्ली बोलीत, सांगत होते. या थांबण्याने बोलण्याची लय मोडेल असे मला वाटले होते, पण उलटेच झाले : ते बोलत असताना मला काढायला वेळ मिळत होता आणि लोकांना पाहायला. डोंगराची कड उमटली तेव्हा मागून कोणीतरी जवळच्याच एका डोंगराचे नाव घेतले. मेंढपाळाच्या अंगावरची घोंगडी दिसली तेव्हा बायकांमध्ये हसू उमटले. पंधरा मिनिटांत चित्र पूर्ण झाले. पिवळा दिवा मंद करून निळा वाढवला आणि चित्रातल्या डोंगरावर संध्याकाळ उतरली.

नेमक्या त्याच वेळी एक अडचण ध्यानात आली. जागेच्या कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा थेट फलकावर पडत होता. दुपारी पाहणी करताना तो बंद होता, त्यामुळे मला त्याचा अंदाजच आला नव्हता. ग्रामपंचायतीच्या शिपायाने पाच मिनिटांसाठी तो बंद करून दिला, पण ती शोधाशोध होईपर्यंत मी शंभर माणसांसमोर हात बांधून उभी होते. कोणाच्याही उघड्या जागेवर कार्यक्रम करणार असाल, तर जागा रात्रीच पाहावी. तो दिवा गेला, माझे दिवे गेले आणि यूव्ही दिवा लागला. आधी पुढच्या रांगेतल्या एका मुलाचा पांढरा शर्ट चमकला, मग कागदावर मेंढपाळ उजळला. कोणीही ओरडले नाही. पाळकसाहेबांनी ठरल्याप्रमाणे एकही शब्द न बोलता अर्धा मिनिट जाऊ दिला आणि मग एवढेच म्हटले की हरवलेल्याला शोधायला तो स्वतः आला.

त्यानंतर मी मुलांना पुढे बोलावले. गुप्त खडू त्यांच्या हातात दिला, खाकी कागदाच्या तुकड्यांवर त्यांना रेघा ओढू दिल्या आणि दिवा लावून दाखवला. कपड्यांची पावडर आणि दिवा यांचा संबंध समजावला. एक बाई उठून म्हणाल्या की त्यांच्या घरीही ती पावडर आहे, आणि सगळे हसले. गोष्टीचे वजन यामुळे कमी होईल, ही मुलांची भीती खरी ठरली नाही. उलट लोक जवळ आले, फलकाला हात लावून पाहू लागले आणि चित्राविषयी न विचारता गोष्टीविषयी विचारू लागले.

त्यांतला एक प्रश्न माझ्यासोबत घरी आला. बकऱ्या राखणारे एक वृद्ध गृहस्थ काठी टेकवत फलकाजवळ आले आणि बराच वेळ चित्र पाहिल्यावर त्यांनी मावचीत काहीतरी विचारले. पाळकसाहेबांनी सांगितले, "ते विचारताहेत, बाकीची नव्याण्णव कोणाच्या भरवशावर सोडली?" माझ्या चित्रात एकच मेंढरू होते. उरलेली मी काढलीच नव्हती, कारण इतकी वर्षे ही गोष्ट सांगताना मी हरवलेल्याकडेच पाहत आले होते, आणि ज्याने आयुष्यभर कळप राखला त्याला पहिल्यांदा रिकामी जागा दिसली. पाळकसाहेबांनी त्यांना सांगितले की शास्त्रात तो नव्याण्णव रानात ठेवून जातो, आणि एकाला आणल्यावर आनंद करायला शेजाऱ्यांना बोलावतो. बाबांनी मान हलवली, पण समाधान झाले असे दिसले नाही. "रानात बिबट्या असतो," ते म्हणाले. कळप सोडून जाण्यात मेंढपाळाने किती मोठा धोका पत्करला, हे त्यांच्या त्या एका वाक्याने मला जितके कळले, तितके ऐकलेल्या कोणत्याही प्रवचनाने कळले नव्हते.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी ध्वनिक्षेपक बंद केला. चित्र पाळकसाहेबांना दिले. खडूचे चित्र न्यायचे असेल तर त्यावर वर्तमानपत्र न ठेवता पातळ बटरपेपर ठेवून, चित्राची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळावे, आत गुंडाळले तर घासले जाते. एवढे करूनही मेंढराचा एक कान पुसला गेलाच. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन कार्यक्रम वेळेत आणि शांततेत पार पडल्याचे दोन ओळींचे पत्र दिले. ते बंधनकारक नाही, पण पुढच्या अर्जाच्या वेळी त्याचा उपयोग झाला.

तो पुढचा अर्ज उत्तम शुक्रवारासाठी (गुड फ्रायडे), म्हणजे १८ एप्रिल २०२५ साठी, मार्चमध्येच केला आणि या वेळी दोन फेऱ्यांत काम झाले. गाव दुसरे होते, गोष्ट तीच. आता चित्र सुरू करताना मी डोंगराच्या पायथ्याशी पांढऱ्या खडूचा आडवा तुकडा टेकवून नव्याण्णव लहान ठिपके आधी काढते, भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण काढण्याचा मोह होतो तो आवरते, कारण शास्त्रात तसे नाही. ठिपके काढायला दोन मिनिटे जास्त लागतात. लोक ते मोजत बसतात आणि तेवढा वेळ मी बोलत नाही.